चिलखताची पाठ

वाहरूला बंद वस्तू बघवत नसे. जावयाने हौसेने दिलेला रेडिओ त्याने पहिल्याच आठवड्यात खोलून बघितला. सरकारी वाटपातला सोलरचा दिवा उघडला, नीट होता तसा बंदही केला, फक्त नंतर तो लागला नाही. "तुन्हा हातमा काही टिकस नही," असं त्याची बायको जसोदा दर चार दिवसांनी म्हणायची आणि वाहरू दर चार दिवसांनी मान डोलवायचा. तसा हाताने तो गुणी होता. म्हसावदच्या वर, सातपुड्याच्या पायथ्याला वसलेल्या आंबापाटीत त्याच्यासारखं धनुष्य कुणी करत नसे. आता शिकार राहिली नव्हती, आदिवासी दिनाच्या मिरवणुकीला आणि साहेबलोकांना भेट द्यायला तेवढी धनुष्यं लागत. पण बांबू हातात घेतला की तो अजूनही आधी वास घेई, मग वाकवून कानाशी धरी.

अशा माणसाच्या धाकट्या भावानेच येशूचा विश्वासी व्हावं, म्हणजे घरासमोरच एक बंद पेटी आणून ठेवल्यासारखं झालं. सुकराम आणि त्याची बायको शांतीबाई प्रार्थनेला जायला लागून दोन-तीन पावसाळे झाले होते. "का रे?" असं वाहरूने नाना तऱ्हांनी विचारून बघितलं. सुकराम एकच सांगे, "बरं वाटनं, दादा." बरं तर ताडी पिऊनही वाटतं. वाहरूचं समाधान होईना.

वैशाखात वावटळ आली आणि सुकरामचं घर बसलं. खांबांना आतून वाळवी लागली होती, एका धक्क्यात सगळं खाली आलं. माणसं वाचली, कारण दोघं आंब्याखाली कैऱ्या सोलत बसली होती. कौलांचा चुरा झाला. फक्त वरचं आढं तेवढं धड राहिलं. ते सागाचं, दोघांच्या बापाने जंगलातून आणलेलं. त्या वेळी ते चढवायला गावातला प्रत्येक गडी आला होता, कारण तशीच रीत होती. कुणाचं घर उभं करायचं असेल, कुणाची निंदणी मागे पडली असेल, तर हाक द्यायची आणि अख्ख्या गावाने जायचं. मजुरी नाही, काही नाही. घरवाल्याने पोटभर भाकरी आणि डाळ घालायची. याला लाह म्हणत. लाहशिवाय आंबापाटीत एकही घर उभं राहिलेलं नव्हतं.

सुकरामने लाहची हाक दिली, पण ती चुकीच्या आठवड्यात दिली. उसाच्या मळ्यांतून बिबट्या वर सरकला होता. कारभारी रूपचंदच्या दोन बकऱ्या आणि एक वासरू त्याने नेलं होतं. म्हणून वाघदेवाची पूजा यंदा लवकर घ्यायचं ठरत होतं. घरटी एक कोंबडं द्यायचं, सगळ्यांनी प्रसाद खायचा. आधीची दोन-तीन वर्षं पूजेच्या वेळी सुकराम ऊसतोडीला गेलेला असायचा, त्यामुळे गोष्ट झाकली गेली होती. यंदा तो गावाच्या बैठकीत समोरच बसला होता.

"सुकराम, तुन्हा घरनं कोंबडं," रूपचंद म्हणाला.

"कारभारी, मी वाट साफ करसू. लाकडं आनसू. पानी भरसू. कोंबडं मन्हाकडतीन नही."

"वाघ काय घर देखीसन येस का?"

"नही."

"मंग? गावनं एक घर सुटनं, ते कुंपनले भोक पडनं. तठूनच तो मधे येस."

रूपचंद वाईट माणूस नव्हता. वासरू नेलं त्या दिवसापासून तो दारात बसून असे आणि त्याचे डोळे लाल झाले होते. तो बोलत होता त्यात भीती जास्त होती आणि राग कमी. पण बाकीच्यांनी त्यातला राग तेवढा उचलला. ठरलं असं, की जो गावाच्या देवाला नाही, त्याच्या लाहला गाव नाही. मग सगळ्यांनी वाहरूकडे बघितलं. तो थोरला भाऊ. तो "नही" म्हणाला असता तर गोष्ट तिथेच मोडली असती.

वाहरूने विडी पेटवली, ती विझली, परत पेटवली. "देखूत," एवढंच तो म्हणाला. थोडा भावावर राग होता, हे खरं. पण खरं सांगायचं तर त्याहून मोठी होती ती त्याची खोड. बघू तरी याच्या देवात किती जोर आहे ते, असं त्याला वाटलं. रेडिओ खोलताना जसं वाटलं होतं, अगदी तसंच.

पुढच्या रविवारी वाहरूची बकरी हरवली. म्हणजे बकरी दारातच बांधलेली होती, पण ती शोधायला म्हणून तो प्रार्थनेच्या मांडवाकडे गेला आणि कुडाच्या मागे उकिडवा बसला. आत दहा-बारा माणसं होती, आजूबाजूच्या पाड्यांवरची. पास्टर हेमकांत नवापूरकडचा, मोटारसायकलवर यायचा, पुस्तकी मराठी बोलायचा आणि बोलताना घाम पुसायचा.

"देवाचं चिलखत अंगात चढवा," तो सांगत होता. "कंबरेला खरेपणाचा पट्टा बांधा. छातीवर नीतीचं कवच. पायांत शांतीचे जोडे. हातात विश्वासाची ढाल, सैतानाचे जळते बाण विझवणारी. डोक्यावर तारणाचा टोप. आणि देवाचा शब्द, ती तलवार. हे सगळं चढवून काय करायचं? पळायचं नाही, धावून जायचं नाही. उभं राहायचं."

वाहरूचे कान टवकारले. बाणांची गोष्ट निघाली होती, आणि बाणांबद्दल कुणी काही बोललं की त्याच्याने राहवत नसे. जळता बाण त्याने तरुणपणी एकदा करून बघितला होता. चिंधी बांधून, रॉकेलमध्ये बुडवून सोडला, तर तो चार हातांवर पडला आणि घरचीच कडब्याची गंजी पेटली. ते आठवून त्याला कुडामागेच हसू फुटलं. पण चिलखत त्याला आवडलं. तो आपल्याच अंगावर हात फिरवत एकेक जागा बघू लागला. कंबर झाली, छाती झाली, पाय झाले, हात, डोकं. मग हात मागे गेला आणि तिथेच थांबला.

प्रार्थना संपल्यावर त्याने सुकरामला गाठलं.

"दादा, तू आठे?"

"बकरी देखाले उनू. काय रे, ते चिलखत कोठे बांधतस?"

"ते दिसस नही, दादा."

"दिसस नही, ते घालीसन काय उपेग?"

"हवा तरी कोठे दिसस? पन मन्हं घर पाडी गई ना ती."

वाहरूने मान डोलवली. पण त्याचा विश्वास बसला नाही. गावात मंत्रतंत्र करणारा बडवा अंग बांधून देई, म्हणजे मंतरलेला काळा दोरा दंडाला नाहीतर कंबरेला बांधी. चिलखत म्हणजे तसलंच काहीतरी, आणि आपल्या भावाला पास्टरने सांगितलंय की दाखवू नको, हे त्याने मनाशी पक्कं केलं. दुसऱ्या दिवशी सकाळी सुकराम नाल्यावर आंघोळीला गेला, तर वाहरू आधीच तिथे दगडावर दात घासत बसलेला. सुकरामने अंगावर पाणी घेतलं. वाहरूने त्याला पुढून बघितलं, बाजूने बघितलं, मान लांब करून मागून बघितलं. ना दोरा, ना ताईत. लंगोटी आणि खांद्यावरचा लहानपणीचा व्रण, बस.

"काय देखी ऱ्हायना, दादा?"

"काही नही. पाठवर साबन ऱ्हाई गया तुन्हा."

सुकराम हसला आणि पाठ फिरवून म्हणाला, "धोई दे मंग." वाहरूने ओंजळीने पाणी मारलं. भावाच्या पाठीला त्याने कित्येक वर्षांत हात लावला नव्हता. बरगड्या हाताला लागत होत्या.

घराचं काम सुरू झालं. पाड्यांवरचे चौघे विश्वासी येऊन दोन दिवस राबले, पास्टरसुद्धा पँट गुडघ्यापर्यंत दुमडून आला. मुरमाड जमीन, पहारीने खड्डे घ्यायचे. पास्टरच्या तळव्यांना फोड आले, ते फुटले, तरी तो पहार सोडेना. शांतीबाईने त्याच्या हाताला हळद लावली तेव्हा तो लाजला. घर पेलणाऱ्या तीन मेढी उभ्या झाल्या, दोन टोकांना दोन आणि मधे एक, प्रत्येकीच्या शेंड्याला आढं बसवायला दोन फांद्यांचं बेळकं. मग ती माणसं आपापल्या कामाला गेली. त्यांचीही आंब्याची तोडणी होती, त्यांचीही घरं शाकारायची होती. गाव मात्र आपल्या ओट्यांवर बसून बघत होतं. मजा म्हणजे बघायची बंदी नव्हती, त्यामुळे कुणी कामाला आलं नाही आणि कुणी घरातही गेलं नाही.

वाहरूही चिंचेखाली बसून बांबू तासत बघत होता. कसोटी आपणच लावली आहे, तर शेवटपर्यंत बघायला हवी, असं तो स्वतःला सांगत होता. सुकराम माती कालवायचा, शांतीबाई डोक्यावरून पाणी आणायची. हापशीवर तिचा नंबर आला की बाकीच्या बाया घागरी उचलून बाजूला होत. कुणी शिवी दिली नाही, कुणी बोललंही नाही. एकदा तिची घागर निसटली, सगळं पाणी सांडलं. ती परत रांगेच्या शेवटी जाऊन उभी राहिली. जसोदा कैरीच्या फोडी वाळत घालत होती, तिने ते बघितलं आणि हातातलं सूप आपटलं.

"तू देखीच ऱ्हायना," ती नवऱ्याला म्हणाली.

"देखू दे ना. ते चिलखत कसं काम करस ते."

"आग लागो तुन्हा चिलखतले," जसोदा म्हणाली, आणि त्या दिवशी तिने त्याला जेवायला वाढलं नाही.

पास्टर मोटारसायकलला किक मारत असताना वाहरूने त्याला अडवलं. बकरीचं निमित्तही काढलं नाही.

"साहेब, एक सांगा. कंबर, छाती, डोकं, समदं शे. पाठले काय?"

पास्टरने मोटारसायकल बंद केली. "पाठीला?"

"हा. मी रानमा फिरेल मानूस. समोरून कोन मारस? मागूनच मारतस."

पास्टर काहीतरी ठरलेलं उत्तर देणार होता, तसं त्याच्या तोंडावर आलंही होतं. जो पाठ दाखवत नाही त्याला पाठीचं काय, असं काहीसं. पण त्याने समोरच्या ओट्यांवर बसलेल्या गावाकडे बघितलं, आपल्या फुटलेल्या तळव्यांकडे बघितलं आणि तो थांबला.

"आमच्या गुरुजींनाही मी हेच विचारलं होतं," तो म्हणाला. "ते म्हणाले, त्या काळातले शिपाई एकटे लढत नसत. रांगा असायच्या, एकामागे एक. पुढच्याची पाठ मागचा सांभाळायचा. ते चिलखत एकट्यासाठी केलेलंच नव्हतं, वाहरूभाऊ."

"म्हंजे मागे मानूस पाह्यजे?"

"माणूस पाहिजे."

"आनि नसना ते?"

पास्टरने किकवर पाय ठेवला. "मी शनिवारी माणसं घेऊन येतो," असं म्हणून तो गेला. वाहरू बराच वेळ रस्त्यात उभा होता. पेटी उघडली होती आणि आत जे निघालं ते त्याला आवडलं नव्हतं.

सुकरामने शनिवारची वाट बघितली असती तर बरं झालं असतं. पण दोन दिवस आभाळ भरून येत होतं, उघड्यावर पडलेलं धान्य शांतीबाई ताडपत्रीखाली इकडून तिकडे हलवत होती, आणि नवरा-बायको अधीर झाली होती. सकाळीच त्यांनी आढ्याला हात घातला. अकलेने घातला, हे कबूल केलं पाहिजे. टोकाच्या मेढींजवळ दगडांचे ओटे रचले. आढ्याचं एक टोक थोडं उचलायचं, खाली ठेपा द्यायचा, मग आणखी थोडं. पहिलं टोक दोराने ओढत दुपारपर्यंत बेळक्यात बसलंसुद्धा. गाव ओट्यांवर बसून तोंडाने "अरे, अरे" करत होतं. पहिलं टोक बसलं तेव्हा एक म्हातारा चुकून टाळी वाजवून गेला आणि मग इकडेतिकडे बघू लागला.

दुसरं टोक खांद्याच्या उंचीवर आलं आणि ठेपा सरकला. शांतीबाई ओरडली. सुकराम दगडांच्या ओट्यावर होता, त्याने खांदा खाली घातला आणि आढं त्याच्यावर येऊन बसलं. तो वाकला, पण पडला नाही. आता त्याला वरही उचलता येईना आणि सोडताही येईना. सोडलं असतं तर आढं दुसऱ्या अंगाला गेलं असतं, तिथे शांतीबाई दोर धरून उभी होती, आणि वर बसलेल्या टोकाने मेढ उपटून आणली असती.

"सरक तू," तो म्हणाला.

"नही," ती म्हणाली. दोर सुटला असता तर आढं आणखी फिरलं असतं, हे तिलाही कळत होतं.

रूपचंद उठून नाला ओलांडून आला. त्याच्यामागे चार-पाच जण आले आणि आखून दिल्यासारखे अंगणाच्या कडेला थांबले. रूपचंदचा आवाज मऊ होता. त्याला खरंच वाईट वाटत होतं.

"सुकराम, कसाले जीव देस? एक कोंबडं रे. तू कापू नको, तुन्हा नावनं मी कापस. तू फक्त हा म्हन. आते दहा गडी उभा करस."

सुकरामच्या मानेची शीर फुगली होती. खांद्यावरचं कातडं सोललं होतं. दगडांच्या ओट्यातला एक दगड हलला. वाहरू चिंचेखालून उठून कधी पुढे आला, ते त्याचं त्यालाच कळलं नव्हतं. तो भावाच्या तोंडाकडे बघत होता. इतक्या दिवसांनी त्याला बघायचं होतं ते आत्ता बघायला मिळणार होतं. एक "हा" म्हटलं की सुटका. त्याच्या जागी आपण असतो तर म्हटलं असतं, हे वाहरूला पक्कं माहीत होतं. आपण तर आढं खांद्यावर यायच्या आधीच म्हटलं असतं.

"पानी भरसू, कारभारी," सुकराम दातावर दात ठेवून म्हणाला. "वाटबी साफ करसू. कोंबडं नही."

"तुन्हा देव येस का आते हात लावाले?"

 सुकरामला श्वासच पुरत नव्हता. तो नुसता उभा होता. पुढून बघितलं तर धडधाकट दिसत होता. वाहरू बाजूला उभा होता, म्हणून त्याला पाठ दिसली. सदरा फाटून वर गेला होता आणि ती उघडी पाठ मागे कलत होती. थोडी, मग आणखी थोडी. मागे काहीच नव्हतं.

वाहरूने चप्पल काढली आणि तो दगडांच्या ओट्यावर चढला. त्याने आपली पाठ भावाच्या पाठीला लावली, पाय रोवले, हात डोक्यावरून मागे नेऊन आढ्याखाली घातले. वजन आलं तसा त्याच्या तोंडून एक शिवी निघाली. ती प्रार्थनेच्या माणसाला शोभणारी नव्हती, पण वाहरू काही प्रार्थनेचा माणूस नव्हता.

"दादा?" सुकरामला मागचं दिसत नव्हतं.

"मीच शे. बोलू नको. वर ले."

"वाहरू!" रूपचंद ओरडला. "ठरेल शे ना आपलं! लाह बंद शे!"

"मी लाहले उनू नही, कारभारी," वाहरू धापा टाकत म्हणाला. "त्याना चिलखतले पाठ नही शे. तेवढी देखाले उनू."

रूपचंदला यातलं काही समजलं नाही. कडेला उभ्या असलेल्यांपैकी कुणी पुढे आलं नाही, पण कुणी मागेही गेलं नाही. जसोदा मात्र कैरीचा चीक लागलेल्या हातांनीच पळत आली आणि शांतीबाईच्या दोराला लोंबकळली. "ओढ व माय!" ती म्हणाली. दोघी बाया मागे रेलल्या, दोघे भाऊ एकमेकांच्या पाठीला रेटा देत ताठ झाले. आढं इंचाइंचाने वर गेलं, मेढीच्या कडेला घासलं, अडलं, आणि मग बेळक्यात बसलं. बसल्याचा आवाज नाल्यापलीकडे ऐकू गेला.

सुकराम दगडांवरून उतरला आणि खाली बसला तो बसलाच. शांतीबाई पदर तोंडात घालून रडली. वाहरू पाठ धरून आढ्याकडे बघत राहिला. बापाचं आढं. त्याला भावाचा अभिमान वाटला. स्वतःची लाजही वाटली.

"तू हा का नही म्हना रे?" त्याने विचारलं. "खरं सांग. बरं वाटनं, असं सांगू नको."

सुकरामने सोललेल्या खांद्यावर हात ठेवला. "मी खरं बोलनू नही, ते मंग मन्हाकडे काय उरस, दादा? घर ते पडेलच व्हतं."

वाहरूने मान हलवली. हे मात्र त्याला कळलं.

पंच बसले ते त्याच आठवड्यात. ठराव मोडला म्हणून वाहरूच्याही लाहला यंदा गावाने जायचं नाही, असं ठरलं. वाहरूने ऐकून घेतलं. बायकोला त्याने ते बाजारात काही नवं बघून आल्यासारखं सांगितलं. "आते आपली निंदनी कोन करी?" जसोदाने विचारलं, आणि मग स्वतःच समोरच्या घराकडे बघितलं. शांतीबाई कुडाला माती लिंपत होती. पूजेच्या दिवशी वाहरूने आपल्या घरचं कोंबडं नेऊन दिलं, मोठं तुऱ्याचं. सुकरामने पहाटेपासून वाट झाडली आणि देवाच्या जागेपर्यंत पाणी भरलं. कुणी त्याला नको म्हटलं नाही. शेवटच्या घागरीला रूपचंदने हात लावला आणि ती त्याच्या डोक्यावरून उतरवून घेतली. 

रविवारी वाहरू पुन्हा मांडवाच्या कुडामागे येऊन बसला. पाठ अजून दुखत होती. कुडाच्या फटीतून त्याला आत शेवटच्या ओळीत बसलेला सुकराम दिसत होता. पास्टर हेमकांतने बोलता बोलता फटीतले डोळे ओळखले.

"वाहरूभाऊ, बकरी सापडली का?"

"नही सापडनी, साहेब."

"मग आत या. पुढे जागा आहे."

सगळे वळून बघू लागले. सुकरामही वळला आणि जागा करायला सरकला. वाहरूने क्षणभर विचार केला. मग त्याने भावाच्या बरोबर मागे, कुडाच्या बाहेरच, मांडी ठोकली आणि कुडाला पाठ लावून गावाकडे तोंड केलं.

"नही, साहेब," तो म्हणाला. "मी मागेच बरा."